वाट दाखवणारा कल्याणमित्र : करिअर मार्गदर्शनाचे मोल

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची वर्दळ असते. कुणी समुद्रपूरकडून, कुणी आर्वी-आष्टीकडून, कुणी देवळी-पुलगावच्या बाजूने सकाळच्या एसटीने आलेला असतो. हातातल्या पिशवीत गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला असतो आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : "सर, आता पोराले कशात टाकाव?" हा प्रश्न मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे आणि आपल्या कुवतीप्रमाणे त्याचे उत्तरही देत आलो आहे. शाळेची स्मरणिका निघत असताना आपल्या कर्तबगारीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मी मात्र या निमित्ताने माझ्या एका चुकलेल्या उत्तरापासून सुरुवात करणार आहे. कारण या लेखाचा विषय मला त्या चुकीनेच शिकवला.

२००८ च्या सुमाराची गोष्ट. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला, गणितात विलक्षण गती असलेला एक मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन सल्ला घेण्यासाठी आला. वडील शेतमजूर, घरात पुढे शिकलेले कुणी नाही. मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "डी.एड. कर. दोन वर्षांत नोकरी." त्या काळी आपल्या भागात हाच सर्वमान्य सल्ला होता. गावोगावी डी.एड. महाविद्यालये निघाली होती आणि प्राथमिक शिक्षकाची नोकरी ही आपल्या समाजातील दोन पिढ्यांची ओळखीची वाट होती. मुलाने माझा शब्द मानला आणि चांगल्या गुणांनी पदविका मिळवली. परंतु २०१० नंतर राज्यातील शिक्षकभरती जवळजवळ थांबली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या सात वर्षांत त्याच्यासारखे असंख्य पदविकाधारक खासगी शाळांचे उंबरे झिजवत राहिले. त्याने काही काळ बुटीबोरीला कंत्राटी काम केले, मग हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्याचे.

काही वर्षांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनी तो मला दीक्षाभूमीवर भेटला. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही चुकीचं नाही सांगितलं. तुम्हाला तेवढंच माहीत होतं."

त्याने हे मोठ्या मनाने सांगितले. पण मला ते वाक्य आजही बोचते. पदवीच्या गणिताची वाट, संख्याशास्त्राची वाट, सांख्यिकी सेवेच्या परीक्षा, बँकांच्या परीक्षा, पॉलिटेक्निकमार्गे अभियांत्रिकी, यांतील एकही गोष्ट मी त्याच्यासमोर ठेवली नव्हती. त्याच्या बुद्धीची मर्यादा त्याला आड आली नाही; माझ्या माहितीची मर्यादा आड आली.

करिअर मार्गदर्शन म्हणजे नेमके काय?

करिअर मार्गदर्शन म्हणजे भविष्य सांगणे नव्हे, किंवा 'सध्या कशाला मागणी आहे' एवढे कानावर घालणेही नव्हे. त्याची तीन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे स्वतःची ओळख : मुलाचा कल, त्याची क्षमता, घरची परिस्थिती आणि किती वर्षे थांबता येईल याचा प्रामाणिक हिशेब. दुसरे अंग म्हणजे माहिती : कोणकोणत्या वाटा आहेत, प्रत्येकीचा खर्च किती, कालावधी किती, शेवटी नोकरी कुठे आणि कुणाला मिळते. तिसरे अंग म्हणजे वेळ : अर्ज कधी निघतो, कागदपत्रे कधी तयार हवीत, एक दार बंद झाले तर दुसरे कोणते उघडे राहते. या तिन्हींचा मेळ घालून देणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक. नोकरी लागल्यानंतरही हाच विचार जाणीवपूर्वक चालू ठेवणे म्हणजे स्वतःच्या करिअरचे व्यवस्थापन.

सुस्थित, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरांत या गोष्टी कुणी वेगळ्या शिकवत नाही. तिथे मामा वकील असतो, आत्या प्राध्यापक असते, शेजारचा मुलगा परदेशी गेलेला असतो. जेवताना होणाऱ्या गप्पांतूनच मुलाला कळते की कोणती परीक्षा कधी असते आणि कोणत्या विद्यापीठाला काय मान असतो. जमीन आणि घर यांप्रमाणेच माहितीही वारसाहक्काने मिळते. आपल्या बहुसंख्य मुलांना हा वारसा नाही. त्यांच्या गुणपत्रिकेतील गुण इतरांइतकेच असले, तरी त्या गुणांचे करायचे काय हे सांगणारे घरात कुणी नसते. म्हणून जे काम इतरांच्या घरात नात्यागोत्यातून होते, ते आपल्याकडे संस्थेने करावे लागते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील नियोजन

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असे वाटते की आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धिमत्तेचा आणि कष्टांचा गौरव करतो. पण त्यांनी आपल्या शिक्षणाची वाट किती सावधपणे आखली, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु केळुसकर गुरुजींचे काम ग्रंथभेटीवर संपले नाही. पुढच्या शिक्षणाला पैसा अपुरा पडू लागला तेव्हा या मुलाला महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे नेऊन त्यांनीच त्याची बाजू मांडली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कुणाकडे जावे, केव्हा जावे आणि काय मागावे हे जाणणारा एक माणूस योग्य वेळी शेजारी उभा होता. आजच्या भाषेत यालाच करिअर मार्गदर्शक म्हणतात.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी सुरू केला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली. दार बंद होत असताना त्यांनी ते ओढून घेतले, पण कडी लागू दिली नाही.

बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. मुंबईत परतून त्यांनी शिकवण्या केल्या, गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच ग्राहक फिरले आणि तो व्यवसायही बुडाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून त्यांनी काटकसरीने पैसा साठवला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज त्यात घातले आणि १९२० मध्ये, म्हणजे चार वर्षांची मुदत संपण्याच्या आधी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिले होते. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि, परीक्षकांच्या आक्षेपांमुळे प्रबंधात फेरबदल करून तो पुन्हा सादर केल्यानंतर, १९२३ मध्ये डी.एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळवल्या. वकिली सुरू केल्यावर सुरुवातीला कामे कमी होती, तेव्हा १९२५ पासून काही वर्षे बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत अर्धवेळ शिकवून त्यांनी घरखर्च भागवला.

या घटनाक्रमात नशिबाचा भाग थोडाच आहे. मुदतीचे भान, हाती असलेल्या नोकरीचा पुढच्या शिक्षणासाठी उपयोग, शिफारसपत्राचे महत्त्व, अपयशानंतर दुरुस्ती, मुख्य व्यवसाय स्थिरावेपर्यंत जोडउत्पन्नाची सोय : करिअरच्या व्यवस्थापनाचे सारे धडे त्यात आहेत. 'शिका' या त्यांच्या संदेशात हेही शिकणे अभिप्रेत आहे, असे मी मानतो.

जे स्वतःला कष्टाने मिळवावे लागले ते इतरांना व्यवस्थेतून मिळावे, यासाठी त्यांनी सत्तेचा उपयोग केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते श्रममंत्री होते. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. कोणती नोकरी कुठे आहे हे कामगाराला कळावे म्हणून सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा त्यांच्याच खात्याने उभी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले. तिथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांनाही पदवी घेता आली. आरक्षण, शिष्यवृत्ती, माहिती आणि सोयीची वेळ या चारही गोष्टींची गरज त्यांनी एकत्र ओळखली होती.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण

अशा मार्गदर्शनाने काय साधते हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. अनूप कुमार यांनी २०१३ मध्ये वर्ध्यातच नालंदा अकॅडमी सुरू केली. खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरातून प्रथमच उच्च शिक्षणाकडे वळलेल्या बहुजन मुलामुलींना देशातील नामवंत विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करणे हे तिचे काम. शेजारच्या यवतमाळमध्ये राजू केंद्रे यांनी उभी केलेली 'एकलव्य' ही संस्थाही याच दिशेने काम करते. केंद्रे यांना पुढे ब्रिटनची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळाली. ही मुले आपल्या मुलांपेक्षा निराळी नव्हती. फरक एवढाच की अशी विद्यापीठे आहेत, तिथे आपल्यालाही प्रवेश मिळू शकतो, अर्ज असा भरतात आणि मुलाखतीत असे बोलतात, हे कुणीतरी त्यांना बसवून शिकवले. इंग्रजीची भीती घालवण्यासाठी आणि स्वतःबद्दल दोन परिच्छेद लिहायला शिकण्यासाठी महिनोन्‌महिने मेहनत घ्यावी लागते. ती घेतली की वर्धा ते दिल्ली, वर्धा ते हैदराबाद हे अंतर कमी होते.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे काही

पहिली गोष्ट कागदपत्रांची. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेवर प्रवेश घेताना जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधण्यात कित्येक महिने जातात. बारावीच्या निकालानंतर ही धावपळ सुरू करणाऱ्याची जागा हातची जाऊ शकते. म्हणून अकरावीतच अर्ज करावा. केंद्र शासनाच्या संस्थांसाठी जात प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो, तोही वेळेत काढून ठेवावा. आपल्या शाळेतील इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त पालकांनी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासत राहावी. मुलाचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेत, आधार कार्डावर आणि जात प्रमाणपत्रात एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे आजच पाहावे.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे आणि राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्याची बार्टी ही संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी आणि संशोधनासाठी साहाय्य करते. योजनांचे नियम बदलत असतात. म्हणून ऐकीव माहितीवर न थांबता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

तिसरी गोष्ट वाटांची. दहावीनंतर केवळ विज्ञान शाखाच खरी, ही समजूत सोडावी. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करणारा मुलगा पात्रता पूर्ण करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. पदविका घेणारा थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ही शिडी लांब असली तरी मध्येच पोटाला लागणारे कौशल्य हाती देते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. कला शाखेत शिकणाऱ्या हुशार मुलींपर्यंत तिचे नावही अनेकदा पोहोचत नाही. कायदा, परिचर्या, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, संख्याशास्त्र या वाटाही मुलांसमोर मांडल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट स्पर्धा परीक्षांची. अधिकारी होण्याचे स्वप्न आपल्या समाजाने जपले आणि त्यातून उत्तम अधिकारी घडले. परंतु पद मोजके आणि उमेदवार लाखो, हे गणित मुलांपासून लपवू नये. तयारीला बसण्यापूर्वीच किती वर्षे आणि किती प्रयत्न हे लिहून ठरवावे आणि दुसरा मार्ग आधीच आखून ठेवावा. दुसरा मार्ग असणे हे पराभवाचे लक्षण नाही. बाबासाहेबांनी लंडन सोडतानाही परतीची परवानगी खिशात ठेवली होती.

पाचवी गोष्ट नोकरी लागलेल्यांसाठी. नोकरी हा शेवटचा थांबा नव्हे. विभागीय परीक्षा, ज्येष्ठता यादीतील आपले स्थान, सेवापुस्तकातील नोंदी, गोपनीय अहवाल यांकडे लक्ष न दिल्याने पदोन्नतीत मागे राहिलेले अनेक बांधव मी पाहिले आहेत. खासगी क्षेत्रात तर दर दोन-तीन वर्षांनी नवे कौशल्य शिकल्याशिवाय टिकाव लागणे कठीण. आपण केलेल्या कामाची नोंद ठेवावी, प्रमाणपत्रे जपावीत, वरिष्ठांशी संबंध राखावेत. यात लाचारी नाही.

मर्यादांचे भान

मार्गदर्शनाने सर्व प्रश्न सुटतात, असा दावा मी करणार नाही. जागाच निघाल्या नाहीत, कायम पदांच्या जागी कंत्राटी पदे आली, अनुशेष भरला गेला नाही, तर उत्तम सल्ला घेतलेला मुलगाही घरीच बसतो. बाबासाहेबांचा सल्ला-व्यवसाय नियोजनाच्या अभावी बुडाला नव्हता. तो जातीमुळे बुडाला. म्हणून संघटनेची आणि संघर्षाची जागा करिअर मार्गदर्शन घेऊ शकत नाही. तसेच भरमसाट शुल्क घेऊन हमखास यशाची हमी देणाऱ्या शिकवण्यांपासून सावध राहावे. शेती गहाण ठेवून असे शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेतून गेलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना तरी भेटावे.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला केलेल्या उपदेशात आचार्याची कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला उत्तम शिकवणे हे तर आहेच; पण आपल्या मित्रमंडळींत शिष्याची ओळख करून देणे आणि सर्व दिशांना त्याच्या रक्षणाची तजवीज करणे, हीही कर्तव्ये त्यात आहेत. सेलिग्मन यांचे पत्र आणि केळुसकर गुरुजींची शिफारस हे याच कर्तव्याचे पालन होते. आपल्या परंपरेत अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविकेची वाट एकट्याने शोधायची नसते. कल्याणमित्र सोबत असला की ती सापडते.

या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज रुग्णालयांत, रेल्वेत, बँकांत, न्यायालयांत, कारखान्यांत, काही परदेशातही आहेत. वार्षिक मेळाव्याला ते येतात, देणगी देतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु माझे मागणे निराळे आहे. आपण काय काम करता, त्यासाठी कोणती परीक्षा दिली, किती खर्च आला, कुठे चुकलात, हे एका पानावर लिहून शाळेला द्या. अशा पानांची एक वही कार्यालयात राहील आणि प्रश्न घेऊन आलेल्या प्रत्येक पालकापुढे ती उघडता येईल. वर्षातून एक रविवार येऊन नववी-दहावीच्या मुलांशी आपल्या कामाविषयी बोला. आणि एका तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन पाच वर्षे उचलत राहा.

वर ज्याची हकिकत सांगितली, तो माझा विद्यार्थी गेल्या काही वर्षांपासून निकालाच्या दिवसांत एक दिवस सुट्टी घेऊन शाळेत येतो. कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मुलांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो, कागदपत्रे तपासतो, शेवटच्या तारखा फळ्यावर लिहितो. त्याचे पान त्या वहीतले पहिले पान असेल. त्यात माझी चूकही लिहिलेली असेल आणि ती तशीच राहावी, अशी माझी इच्छा आहे. 'तेवढंच माहीत होतं' असे पुढच्या मुलाला कुणाबद्दल म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.